मालकिणीशी बोलावे

१२ ऑगस्ट, सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. घर विकायचं म्हटलं की दहा तोंडं दहा गोष्टी बोलणार. खरं काय झालं ते निदान एका ठिकाणी असावं.

तर ठरलं. इथलं, विटा गावातलं घर विकायचं आणि सांगलीत सोनमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याचा फ्लॅट घ्यायचा. लेक वरच्या मजल्यावर, आपण खाली. फ्लॅटचे मालक जयराज म्हणून आहेत, ते मुलाकडं बेंगळुरूला निघालेत. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत थांबतो म्हणाले, त्यापुढं दुसऱ्याला देणार. हे सगळं आमच्या ह्यांच्या छातीसाठी. ह्यांनी तिकडं तमिळनाडूत, सेलमला, उभा जन्म सोनं गाळलं, तेजाबाचा धूर खाल्ला. आता अर्धा जिना चढले की भिंत धरून उभे राहतात. डॉक्टर सांगलीचे, दर आठवड्याला एस.टी.नं जाणं-येणं झेपत नाही. ह्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळं घराची माया वगैरे बोलायला मला वेळ नाही.

बातमी गल्लीत पोचायच्या आत वीरधवल दारात. जागा आणि घरांची दलाली करतो, गाडीवरून उतरतानाच हसतो. "काकी, तुमी नुसतं हू म्हना. गिऱ्हाईक मी आनतो, बोलनं मी करतो, तुमी खुर्चीत बसून ऱ्हावा."

मी म्हटलं, "ह्या घराची एक वीट मला इचारल्याबिगर बसली न्हाई. आता ते तुज्या तोंडानं इकू व्हय?"

"दसऱ्याच्या आत तुमचा फोन येतोय बगा," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. त्याच्या नाकावर टिच्चून विकून दाखवते.

हे नुसतं "तुज्या मनाला येईल तसं कर" म्हणाले. ह्यांचं बोलणं एवढंच असतं. सेलमहून फोन यायचा तेव्हाही "बरं हाय न्हवं? पैसं पोचलं न्हवं?" एवढं झालं की ठेवायचे.

१५ ऑगस्ट, गुरुवार

आज पाटी केली. जुन्या पिंपाचा पत्रा कापून घेतला, ऑईलपेंट आणला आणि तीन ओळी स्वतःच्या हातानं लिहिल्या. घर विकणे आहे. मालकिणीशी बोलावे. एजंट नको. अक्षर अजून शाळेतल्यासारखं आहे, कुणी नाव ठेवणार नाही. सोनमनं तिकडून मोबाईलवर जाहिरात टाकली.

पाटी लावताना हे वाचत उभे राहिले. "मालकिणीशी?" म्हणाले.

"मग? तुमास्नी काय म्हाईत हाय घरातलं? न्हाणीचा पाइप कुठनं गेलाय सांगा बरं."

हे थोडा वेळ न्हाणीकडं बघत राहिले. "ते बी खरंच," म्हणाले आणि खिळा ठोकला. तोही वाकडा. ह्यांच्या हाताला तराजूची सवय, हातोड्याची नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार

पहिलं गिऱ्हाईक आलं. मास्तर आणि मास्तरीणबाई, दोघंही पगारदार, नीटनेटके. मी घर दाखवलं. सुरुवातीपासून सांगितलं, कारण मधूनच सांगितलं तर घर कळत नाही.

माझं माहेर कोयनानगरचं. बाबा धरणावर कामाला. जमीन हलली की दारात जाऊन उभं राहायचं हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही, ते अंगातच होतं. म्हणून ह्या घराच्या चारी भिंतींना खाली, मध्ये आणि वर सिमेंटचा पट्टा आहे. गवंडी हसला होता, इथं कुठला आलाय भूकंप वैनी. मी म्हटलं, तू पट्टा घाल. प्रत्येक खेपेतली वीट बादलीत भिजवली, एकीवर एक वाजवली. खणखणीत वाजली ती घेतली, बद्द वाजली ती परत. सिमेंटची रिकामी गोणी माझ्या हातात आल्याशिवाय भरलेली फोडायची नाही, असा नियम. कंत्राटदार मला फौजदारीण म्हणायचा.

आणि स्लॅब. स्लॅबच्या दिवशी दुपारी मिक्सर बंद पडला. अर्धा स्लॅब पडलेला आणि पश्चिमेला आभाळ काळं. कंत्राटदार म्हणाला, उरलेला उद्या टाकू. मला माहीत होतं, तसं केलं की सांधा राहतो आणि सांध्यातून जन्मभर पाणी येतं. मी पदर खोचला, गल्लीतल्या बायका हाका मारून आणल्या, खाली पत्र्यावर फावड्यानं माल कालवला आणि घमेली हातोहात वर दिली. सोनम वाळूच्या ढिगावर छत्रीखाली झोपली होती. दिवस मावळायच्या आत स्लॅब झाला, एकसंध. वर गुऱ्हाळवाल्याची ताडपत्री टाकली आणि मग पाऊस आला. म्हटलं आता येऊ दे. आजवर वरून थेंब गळलेला नाही.

मास्तरीणबाईंनी विचारलं, "चारचाकी आत वळेल का हो?"

वळते म्हणून सांगणार, तेवढ्यात दाराशी बसलेले हे बोलले. "मागल्या खोलीच्या भितीला पावसाळ्यात वल येती. आदीच सांगितल्यालं बरं."

मी ह्यांच्याकडं डोळे वटारले. मास्तर "कळवतो" म्हणून निघून गेले.

मी विचारलं, हे काय होतं. तर म्हणाले, आमच्या दुकानात तसंच असतंय. गिऱ्हाईक जुनं सोनं घेऊन आलं की गाळायच्या आधी सांगायचं, ह्यात एवढी घट येईल, एवढं जळून जाईल. मग मुशीत टाकायचं. आधी घट, मग भाव.

म्हटलं, हे सोनं नाही, घर आहे. इथून पुढं गिऱ्हाईक आलं की तुम्ही तोंड उघडायचं नाही. "बरं," म्हणाले.

२ सप्टेंबर, सोमवार

आतापर्यंत बरेच येऊन गेले. कुणाला देवघर उलट्या दिशेला वाटलं, कुणाला रस्ता अरुंद. आज एक बिल्डर आला, पांढऱ्या कपड्यातला. भाव बरा बोलला. मी सुरुवात केली तर म्हणाला, "आजी, घराचं कशाला सांगताय, आमी पाडनारच हाय. खाली गाळे काढायचे."

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. पट्ट्यांचं घर आहे, पाडताना घाम फुटेल, एवढंच सांगितलं. नंतर वाटलं, चुकलं का? पैसे तर तेवढेच होते आणि पाडवा जवळ येतोय. पण त्याला दिलं असतं तर मला सांगलीत झोप लागली नसती.

हे तोंड उघडत नाहीत, पण उठतही नाहीत. कुणी आलं की टीव्ही बंद करून दाराशी खुर्ची टाकून बसतात. म्हटलं, आत पडा जरा. तर म्हणतात, हितं वारं चांगलं येतंय.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. हे ह्या घरात गणपतीला पहिल्यांदा आहेत, नाहीतर कायम दिवाळीलाच यायचे. गौरीचा कोनाडा कुठं आहे ते मला दाखवावं लागलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज नाथाजी आणि रंगुबाई घर बघायला आले. नाथाजी ह्यांच्याबरोबर सेलमला होते, आता इथंच राहतात. ह्यांनीच त्यांना आणलं. त्यांचं स्वतःचं चांगलं घर आहे, पण धाकट्यासाठी बघतोय म्हणाले. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. नाथाजींनी मध्येच "स्लॅबचं काय झालं वैनी?" असं विचारलं, म्हणजे त्यांना रस होता. स्लॅबचं सांगताना मी सगळ्यांना गच्चीवर नेलं तर हेही मागून चढून आले. ओठ निळे पडले होते. मी चांगलंच फैलावर घेतलं.

जेवताना हे म्हणाले, "त्या मागल्या भितीला वल कशानं आली?"

"आता हिशेब मागताय व्हय?" म्हटलं.

"न्हाई गं. इचारलं आपलं."

मग सांगितलं. त्या भिंतीच्या वेळी बाबा गेले. मी कोयनानगरला गेले, चार दिवस कामावर नव्हते. तेवढ्यात कंत्राटदारानं वाळू जास्त मारून गिलावा उरकला. घरात खोट आहे ती तेवढीच, मी नसतानाची. हे भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. म्हटलं जेवा, गार होतंय.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पितृपंधरवडा लागला. ह्या दिवसांत कुणी घर बघायला येत नाही हे माहीत होतं, तरी फोनकडं लक्ष जातं.

आज कोंडीबा न्हावी आला. बहिणीसाठी घर बघतोय म्हणाला. त्यालाही विटेचं, गोणीचं, स्लॅबचं सांगितलं. तो निघताना ह्यांच्याकडं बघून म्हणाला, "बाळासो, लय झ्याक सांगत्यात वैनी." ह्यांनी मान डोलवली, जणू घर ह्यांनीच बांधलंय.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज माझं डोकं फिरलं. बाजारात रंगुबाई भेटली. म्हटलं, काय ठरलं मग धाकट्याचं? ती आधी लाजली आणि मग म्हणाली, "सुलाबाई, रागावू नगा. आमाला कुटलं घर घ्यायचंय. बाळासोभावजी म्हनलं, नुसतं येऊन बसा आन घराचं इचारा. ती सांगंल."

म्हणजे कोंडीबाही तसलाच. मी घसा कोरडा करून सांगत होते आणि हे गंमत बघत होते. घरी येऊन विचारलं, तुमाला घर विकायचंय का न्हाई? सांगलीला जायचंय का न्हाई? जायचं नसेल तर तोंडानं सांगा, असली नाटकं कशाला?

हे म्हणाले, "जायाचंय की."

"मग हे काय?"

हे शर्टाची गुंडी फिरवत बसले. ह्या माणसाशी संसार केला तो असाच, अर्धा फोनवर आणि अर्धा मुक्यानं. मला एवढंच दिसतं की ह्यांना इथून हलायचं नाही आणि ते सांगायची हिंमत नाही. सोनमला फोन करून सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू बाबांना कधी सांगितलीस का गं ही स्लॅबची गोष्ट?" म्हटलं, त्यांना काय सांगायची, ते घरातलेच आहेत.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

जयराज यांचा फोन. फ्लॅटला दुसरं गिऱ्हाईक लागलंय, पण शब्द दिलाय म्हणून पाडव्यापर्यंत थांबतो म्हणाले. चांगला माणूस आहे.

हे आता हॉलमध्येच झोपतात. वर उकडतं म्हणतात. पावसाळ्यात कुठं उकडतं?

आज खरं लिहिते. मी वीरधवलचा नंबर काढून ठेवला. दोनदा हातात फोन घेतला. माझ्या मानापायी ह्यांचा श्वास अडकून राहिला तर काय करू? घर मी बांधलं, मी बांधलं म्हणून मिरवते. पण वास्तुशांतीला पाटावर मी नव्हते, हेही तेवढंच खरं. ह्यांना सेलमच्या मालकानं सोडलं नाही, सणाची गर्दी होती. जोडप्यानं बसावं लागतं म्हणून धाकटे दीर आणि जाऊ बसले, आणि मी मागं चुलीपाशी भजी तळत होते. मंत्र ऐकू येत होते. मला वाईट वाटलं होतं. हे मी कुठल्याही गिऱ्हाईकाला सांगत नाही आणि ह्यांनाही फक्त एकदाच, भांडणात, सांगितलं होतं.

फोन केला नाही. दसऱ्यापर्यंत बघते.

३० सप्टेंबर, सोमवार

पितृपंधरवड्यात घर बघायला येणारं एक जोडपं निघालं. शिवतेज आणि पूजा. मूळचे जत तालुक्यातले. शिवतेज वीज कंपनीत लाईनमन, पूजा इथं दवाखान्यात नर्स. मी म्हटलं, ह्या दिवसांत बघितलेलं चालतं का तुमाला? तर शिवतेज म्हणाला, "काकी, बगायला काय हुतंय? घ्यायचं तर दसऱ्याला घिऊ."

पूजानं एक गोष्ट विचारली ती आजवर कुणी विचारली नव्हती. पाणी कुठून येतं? मी अंगणातली फरशी उचलून खालची टाकी दाखवली. गच्चीचं पाणी तिच्यात उतरतं. बांधताना सगळे हसले होते. पूजा वाकून बघत बसली. तिकडं सासरी टँकर आला की घागरी घेऊन पळावं लागायचं म्हणाली.

भाव आवडलेला दिसला. पण शिवतेज म्हणाला, "आई बगंल. तिला पटलं तरच." आई चंद्राबाई. दसऱ्याला संध्याकाळी घेऊन येतो म्हणाला.

ते दोघं खरे आहेत का ह्यांनी आणलेले, हे आधी ह्यांनाच विचारून घेतलं. हे म्हणाले, "न्हाई गं, खरं हायती."

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

आजचं सगळं जसं झालं तसं लिहिते.

ती मंडळी संध्याकाळी यायची होती म्हणून मी दुपारी देवीला आणि झेंडू आणायला गेले. परत आले तर दारात चपला. लवकर आली होती. मी अंगणातच पाय धूत होते तेवढ्यात आतून आवाज आला. मला वाटलं टीव्ही. तर हे बोलत होते. एवढा वेळ बोलताना मी ह्यांना कधी ऐकलेलं नाही, म्हणून मी तिथंच उभी राहिले. खिडकीतून दिसत होतं. मागच्या खोलीत चंद्राबाई, पांढऱ्या केसांची, ताठ बाई, भिंतीला तळहात लावून उभी. मागं लेक आणि सून.

"आमच्या धंद्यात आदी घट सांगायची," हे म्हणत होते. "म्हनून सांगतो. ही भित वल धरती. सगळ्या घरात खोट हाय ती एवडीच."

मी कपाळावर हात मारला. झालं, म्हटलं, गेलं हेही.

चंद्राबाई म्हणाली, "मेंढरू इकताना आमी बी आदी खोड सांगतो. मागनं कळली तर बाजारात तोंड दावता येत न्हाई. बरं, खोट कळली. आता चांगलं काय हाय ते सांगा."

आणि ह्यांनी सांगायला सुरुवात केली. कोयनानगरपासून. पट्टे. बादलीतली वीट. बद्द वाजली ती परत. रिकामी गोणी हातात आल्याशिवाय भरलेली फोडायची नाही. माझेच शब्द आणि माझाच क्रम. मध्ये दम लागला की थांबायचे, भिंत धरायचे, आणि सुटलं होतं तिथूनच परत उचलायचे. मिक्सर बंद पडला, आभाळ आलं, पत्र्यावर माल कालवला. वाळूच्या ढिगावरची सोनमसुद्धा सोडली नाही. तेव्हा मला नाथाजी आणि कोंडीबा आठवले. मी त्या दिवशी किती बोलले होते ह्यांना.

मग हे असं काही बोलले जे मी कधीच सांगितलं नव्हतं. "त्या दिवाळीला मी आलो तवा हिच्या हाताची सालटी निगाल्याली हुती. मी बगितलं. इचारलं न्हाई. पैसं पोचलं न्हवं, एवडंच इचारलं."

"तुमी कुटं हुता मग?" चंद्राबाईनं विचारलं.

"सेलमला. दुसऱ्याचं सोनं गाळीत." हे थांबले. "ही चार दिस माहेरला गेली तर एका भितीला वल आली. मी तर पाया काडल्यापास्नं एक दिस न्हवतो, तरी घर हुबं हाय. आता तुमीच बगा घर कुनाचं हाय ते. भायेर पाटी लावलीया ती खरी हाय."

चंद्राबाईनं भिंतीवरचा हात काढला. मला वाटलं संपलं. पण ह्यांनी परत श्वास घेतला.

"आजून एक घट ऱ्हायली सांगायची. वास्तुशांतीला हिनं पाटावर बसायचं, तर ही चुलीपाशी भजी तळत हुती. मी आलो न्हाई म्हनून. भितीचा गिलावा नवा करता येतोय. ती घट मातूर कशानं भरायची ते मला कळंना."

मला रडू आलं. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. तिथंच, ओल्या पायांनी, झेंडूची पिशवी छातीशी धरून रडले. मग तोंड धुतलं आणि आत जाऊन म्हटलं, "कवा आलासा? च्या टाकते."

चंद्राबाईनं माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं आणि लेकाला म्हणाली, "शिवतेज, घर घिऊया. भित तेवडी करून द्या म्हनावं." भावात एक शब्द काढला नाही. आपट्याचं पान देऊनच इसार झाला. कागद उद्या करू म्हणाले.

ती मंडळी गेल्यावर आम्ही दोघं बसलो. मी म्हटलं, "स्लॅबचं सांगताना गुऱ्हाळवाल्याची ताडपत्री राहिली तुमची."

"व्हय," म्हणाले. "इसरलो."

"परत सांगते. ऐका."

आणि सांगितलं. सगळं, पहिल्यापासून.

२० ऑक्टोबर, रविवार

मागच्या भिंतीचा गिलावा आज पुरा झाला. जुना सगळा खरवडून काढला. मी खुर्ची टाकून बसले होते, पूर्वीसारखीच. हेही शेजारी खुर्ची टाकून बसले. म्हटलं, सिमेंट उडतंय, तुमच्या छातीला चालणार नाही. तर तोंडाला मोठा रुमाल बांधून खिडकीपाशी बसले, हलले नाहीत. गवंड्यानं गोणी मोकळी केली आणि माझ्याकडं द्यायला हात पुढं केला, तर ह्यांनीच घेतली. झाडली, नीट घडी केली, मांडीवर ठेवली. मग गवंड्याला म्हणाले, "हां, आता फोड दुसरी."

गिलावा आरशासारखा झालाय. आता ह्या घरात सांगण्यासारखी खोट नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

खरेदीखत झालं. निबंधकाच्या कचेरीत ही गर्दी. उताऱ्यावर नाव ह्यांचं, त्यामुळं सही ह्यांची आणि मी संमती देणारी. साहेबांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "विकणार कोण?"

ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या. मी नुस्ता सही करनार."

साहेबांनी मान वर केली. मी पदर सारखा केला आणि बघून घेतलं कोण कोण बघतंय ते. वीरधवल होता, दुसऱ्या कुठल्या व्यवहाराला आला होता. जवळ येऊन म्हणाला, "काकी, माज्याकडं कामाला या. अर्दं अर्दं करू." म्हटलं, विचार करते. खरं तर विचार करण्यासारखंच आहे.

किल्ली चंद्राबाईच्या हातात दिली. टाकी दिवाळीनंतर एकदा धुऊन घ्या, गच्चीची जाळी पावसाच्या आधी काढून साफ करा, न्हाणीचा पाइप उजव्या भिंतीतून गेलाय, तिथं खिळा मारू नका, हे सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "काळजी करू नगा. आमी घर नीट सांबाळू."

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. चांगल्या घरी दिलं.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

सांगली. फ्लॅट ताब्यात आला. जयराज सकाळी किल्ली आणि पेढे देऊन गेले. हॉलमधून खोलीत जायला एकही पायरी नाही. हे सकाळपासून चारदा आत-बाहेर फिरले, भिंत न धरता. सोनम वरून जेवण घेऊन आली.

संध्याकाळी पाडव्याचं ओवाळलं. तबकात हे दरवर्षी नोट टाकायचे, एखाद्या वर्षी येता आलं नाही तर मनीऑर्डर यायची. ह्या वेळी काहीच टाकलं नाही. म्हणाले, "भायेर चल."

दाराबाहेर आमची पाटी. ह्यांनी ती तिकडून गुपचूप काढून, चादरीत गुंडाळून आणली होती. वरची ओळ पांढऱ्या रंगानं पुसून टाकलेली. खालच्या दोन तशाच. मालकिणीशी बोलावे. एजंट नको.

सोनम हसून हसून खाली बसली. शेजारचे दार उघडून बघायला लागले. मी म्हटलं, हे काय, लोक काय म्हणतील? ह्यांनी सांगितलं, "म्हनू देत. वाचता येत आसंल तर वाचत्याल."

खिळा परत वाकडाच मारलाय. पाटी एका बाजूला कललेली दिसते, उद्या माझ्या हातानं सरळ करते.

तुळशीचं लग्न झालं की वास्तुशांत करायची. गुरुजींना फोन ह्यांनीच केला, मी न सांगता. पाटावर कोण बसणार ते दोनदा सांगितलं, बायकोचं नाव नीट लिहून घ्या म्हणाले. चंद्राबाई, पूजा, नाथाजी, रंगुबाई, सगळ्यांना बोलवायचंय. वीरधवललाही.

ह्या वेळी भजी सोनम तळणार आहे.